त्या गाण्यातली मुलगी

महाडची एसटी येईपर्यंत वरंधच्या फाट्यावर आबांनी माझी बॅग खाली ठेवली नाही. "असूंदे, जड नाय," म्हणत राहिले. आमची वाडी फाट्याच्या वर डोंगरात. आईने दारातूनच निरोप दिला होता, "येळेवर जेव गो." मी चढले तसे आबा कंडक्टरला म्हणाले, "पोरगी मुंबईला कंपनीत लागलीय." कंपनी म्हणजे मालाडच्या मॉलमधलं कपड्यांचं दुकान, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांना तसं म्हणायचं होतं. गाडी वळणावर गेली आणि मला रडू आलं नाही. वाटलं, सुटले.

कशातून सुटले, ते माझ्यासारख्या निघून आलेल्या पोरींना सांगावं लागणार नाही. महाडच्या कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण वैशाली एकाच इयरफोनचं एकेक टोक कानात घालून हाऊस म्युझिकचे व्हिडिओ बघायचो. तोच एकसारखा ठोका, शब्द दोन-चारच. अंधार, निळे दिवे, धूर. एक मुलगी एकटीच क्लबात येते, गर्दीपलीकडून एक मुलगा तिच्याकडे बघतो, आणि गाणं संपायच्या आत दोघं समुद्रावर पहाट बघत उभी असतात. त्या मुलीला कुणी विचारत नाही, "कुणाची गो तू? कुठं निघालीस?" त्या व्हिडिओंमध्ये कुणालाच आईबाप नसायचे. मला प्रेमापेक्षा त्याचंच जास्त वेड लागलं होतं.

दुकानातली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी शूटिंगला गर्दीत उभी राहायला जायची. तिच्याबरोबर मी गेले, तर तसल्याच क्लबातल्या एका गाण्याचा व्हिडिओ होता. तो क्लब म्हणजे एक गोडाऊन होतं, भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलेलं. ग्लासात गार कोरा चहा. कॅमेरा कमरेच्या वरच घेणार म्हणून आम्ही सगळ्या आपापल्या चपला घालून नाचत होतो. गाणं जरासं वाजायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. धुराने खोकला यायचा. दिग्दर्शकाने गर्दीतून मला आणि अजय नावाच्या एका मुलाला पुढे काढलं. "तुम दोनों, एक-दूसरे को देखो. बस, प्यार हो गया." शेवटची पहाट त्यांनी मढच्या किनाऱ्यावर सूर्य मावळताना घेतली.

अजय भोरचा, आमच्याच घाटाच्या पलीकडचा. हे कळल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की दिग्दर्शक ओरडला. शूटिंग संपलं, पण आमचं संपलं नाही. तो कुरियरमध्ये होता. पुढे आम्ही नालासोपाऱ्यात एक खोली घेतली. एकदा पास मिळाला म्हणून खऱ्या क्लबातही जाऊन आलो. तिथे सगळे व्हिडिओतल्यासारखे एक हात वर करून नाचत होते आणि दुसऱ्या हाताने स्वतःचाच व्हिडिओ काढत होते. अजय कानात म्हणाला, "आपलं गोडाऊन बरं होतं." त्या दिवशी मी सुखी होते, हे खोटं सांगणार नाही.

व्हिडिओ आला. वाडीत फोन सगळ्यांकडे आहेत.

आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते, आणि ती खांद्यावर घेऊन आबा नाचायला लागले की शिवथरपासून आलेले पाहुणे बघत राहायचे. त्या वर्षी शिमग्यानंतर आईचा फोन आला. "तुझा बापूस यंदा नाचला नाय गो. पालखी अंगणात आली, त्यानं नारळ दिला नि घरात जाऊन बसला."

"आई, ते काम होतं. त्यात काय वाईट होतं?"

"मला काय कळतंय," आई म्हणाली. "त्या पोरानं तुझा हात धरलाय, येवढं दिसलं."

पुढच्या वर्षी अजयच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. तो खोलीत उभ्यानेच बोलला. "आईला कुणीतरी व्हिडिओ दाखवला. नाचणारी सून नको म्हणते."

"अरे, शेजारी तूच नाचतोयस ना?"

"माझं वेगळं आहे," तो म्हणाला. त्याला ते खरंच वेगळं वाटत होतं. पुढे कळलं, त्याच्या हळदीला मित्रांनी डीजेवर तेच गाणं लावलं होतं. नवरदेव व्हिडिओत चमकलाय म्हणून.

खोली मला एकटीला परवडेना. आता मी आणखी तिघींबरोबर राहते, दुकानात उभी राहते. शूटिंग सोडलं.

यंदा शिमग्याला न कळवता घरी गेले. पालखी दुपारी आमच्या अंगणात यायची होती. आबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले आणि आत आईला म्हणाले, "पावणी आलीय, चा ठेव." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायाशी बसले असते, भांडले असते. त्यांनी माझ्यासाठी चटई अंथरली, तीही नवी, पाहुण्यांची. परतीची गाडी कितीची आहे ते विचारलं. शेजारच्या बायका दारातून डोकावल्या आणि एकमेकींकडे बघत माघारी गेल्या.

आई मागच्या पडवीत म्हणाली, "पालखी यायच्या आदी निगालीस तर बरं व्हईल गो. लोकं तुलाच बघत बसतील."

मी निघाले. बॅग हलकी होती. फाट्यापर्यंत उतरले आणि वर वाडीत ढोल सुरू झाला. महाड ओलांडल्यावर आईचा फोन आला. मागून नुसता कल्लोळ.

"आज बापूस नाचला गो तुझा! लई नाचला!" तिचा आनंद मावत नव्हता. ती कुणाला काय सांगतेय, हे तिच्या ध्यानातही आलं नसेल.

"बरं झालं," मी म्हटलं. खोटं नाही म्हटलं. माझं घर आहे, चांगलं हसतंखेळतं आहे. मी तिथे नसले की.