मामांची पॅरलल मशिनं

जगात अस्सल माल ओळखणारा माणूस एकच जन्माला आला आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा, असं खुद्द मामांचंच मत आहे. कोपरला त्यांचं शिलाई मशीनचं दुकान. पण चारचौघांसारखा एजंटकडून माल घेतील तर ते मामा कसले! जपानी कंपनीने सिंगापुरात विकलेली मशिनं ते तिथून रीतसर जकात भरून आणतात, इथल्या अधिकृत एजंटला वळसा घालून. याला पॅरलल इम्पोर्ट म्हणतात, हे कोपरच्या भाजीवाल्यालाही पाठ आहे, कारण मामांनी त्यालाही सोडलेलं नाही. चुकून कोणी 'डुप्लिकेट' म्हणालं की संपलंच. "अरे, मुलगी त्याच घरातली! मध्यस्थाला न विचारता लग्न जमवलं, म्हणून काय ती परक्याची झाली?" असं ते एकदा भर पंगतीत ओरडले. शेजारी नवरीचे वडील जेवत होते.

कंपनीची वॉरंटी मिळत नाही म्हणून मामा स्वतःची देतात, तीही तोंडी. दिवाळीआधी तेलाची बाटली घेऊन घरोघरी फिरतात. आमच्याकडे जेवताना एकदा शेजारच्या मशीनचा आवाज ऐकून ताटावरून उठले. "बॉबिन रडतंय," म्हणाले. ते मशीन त्यांनी विकलेलंही नव्हतं!

आणि एक भलतंच वेड. टाके निवडायच्या बटणाभोवतीच्या इंग्रजी अक्षरांवर रंग मारून वर मराठीत लिहायचं: सरळ टाका, नागमोडी, तुरपाई, काज. "बायकांनी वाचून शिवावं, नवऱ्याला विचारून नव्हे!"

त्यानेच घात केला. कंपनीच्या त्या अधिकृत, माजिवड्याच्या एजंटने वकिलाची नोटीस धाडली. मी मामांना ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी पिशवीभर पावत्या पाहून मान डोलावली, मग मशीन पाहून कपाळाला हात लावला. "अस्सल माल आणलात, तेवढं मी लढवीन हो. पण कंपनीचं नाव ठेवून माल बदललात, ते कसं निस्तरू? अक्षरं पुसा, पुन्हा लिहिणार नाही असं लिहून द्या. नाहीतर दुकान जाईल."

मामांनी लिहून दिलं. रविवारी आम्ही दोघं थिनर घेऊन अक्षरं पुसायला बसलो. तेवढ्यात खाडीकडची एक कोळीण मशीन घ्यायला आली. "मामा, आता काज कुठं ते मला कसं कलंल?" मामांनी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. "डोळे मीट. मोज. टक, टक, टक, टक. चौथ्याला काज." तिने तीनदा मोजलं आणि हसली. बोलण्यावर कोण नोटीस काढणार?

तेव्हापासून पंच्याहत्तरीचा हा माणूस दुखरे गुडघे घेऊन एकेका घरी चार-चार खेपा घालतो, बाईला पाठ होईपर्यंत. परवा मीही सोबत गेलेलो. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच मामा धापा टाकत बसले. "लिहिलेलं मागे राहतं रे," म्हणाले. "बोललेलं माझ्याबरोबर जाणार."

मला साधा सुईत दोरा ओवता येत नाही. तरी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "सांगा मामा. पहिला सरळ टाका. दुसरा?"