ओठांत धरलेलं तिकीट

मांडवीच्या बसमध्ये ती तिकीट ओठांत धरून बसायची. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलून बोटं इतकी बधिर झालेली असत, की त्यांत कागदही टिकत नसे. "काय बाई, दमलात?" असं मी विचारलं तर तिकीट न काढता नुसत्या भुवया उडवायची.

ती कोळंबी जपानला जायची. मी त्याच कारखान्यात कारकून, शिवाय युनियनचा चिटणीस. पण युनियन फक्त कायम नोकरीतल्या कामगारांची; रोजंदारीवरच्या या बायकांना आम्हीच आत घेत नव्हतो.

एकदा जपानी साहेब पाहणीला आले. तेवढ्यापुरते बायकांना रबरी हातमोजे मिळाले. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच मॅनेजरने मला ते गोळा करायला पाठवलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "सायब वर्षातून येकदा येतो, दादा. बरफ रोज येतो. नाय देनार."

"उद्यापासून कामावर घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. जपानची कोळंबी मग तुमची युनियन सोलनार काय?"

रांगेतल्या सगळ्या बायकांचे हात पाठीमागे गेले. मी रिकामी टोपली घेऊन परतलो.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिने तिकीट हातमोज्यातल्या बोटांत धरलं होतं, अगदी माझ्या नाकासमोर.