फुली मारलेले कण

"ती काही बोलायची नाही गं. कॉन्व्हेंटवाली आहे. मराठीत अडखळते आणि इंग्लिशमध्ये लाजते."

बर्फाची बादली घेऊन मी कोल्ड रूममधून बाहेर पडत होते. परदेशातल्या आमच्या लॅबमधले नागपूरचे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेले संशोधक, फोनवर बायकोशी बोलत होते. मला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. मी काहीच न ऐकल्यासारखी पुढे गेले. ते खोटं बोलत नव्हते.

आम्ही दोघं एकाच प्रथिनावर काम करत होतो. कत्तलखान्यातून आणलेल्या यकृतातून ते काढायचं. अनेक रेणू एकमेकांना धरून त्याचा एक मोठा कण होई. ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचे फोटो काढत. मी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वजन आणि क्ष-किरणांनी घडण मोजायची. त्यांच्या फोटोंत एक चपटी कडी दिसे. माझ्याकडे वजन तिच्या दुप्पट येई, आणि आकार पिंपासारखा लांबट.

"तुझ्या सॅम्पलमध्ये गुठळ्या होतायत," प्रोफेसर म्हणाले होते. माझे आकडे वगळून पेपर छापायला जाणार होता. मला पीएचडीला दुसरा विषय शोधायला सांगितलं होतं, म्हणजे आतापर्यंतचं सगळं पाण्यात.

त्या पेपरवर पोस्टडॉकांची पुढची नोकरी होती, व्हिसा होता. त्यांच्या बायकोला, वहिनींना, सातवा महिना होता. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी रविवारी त्या मला जेवायला बोलवत. "वरण घे अजून, किती वाळलीस!" त्या म्हणत.

"मायक्रोस्कोपखाली ठेवली तरी दिसायची नाही," पोस्टडॉक म्हणत. मी हसायची. त्यांना काय हाक मारावी हे मला कधी ठरवता आलं नाही.

सोमवारी मीटिंगआधी त्यांचे फोटो टेबलावर पसरलेले होते. गोल कणांभोवती लाल पेन्सिलीची वर्तुळं. मधूनच काही लांबट कण, त्यांच्यावर फुल्या. "तुटलेले," ते मागे एकदा सहज म्हणाले होते. मी पट्टी लावली. प्रत्येक लांबट कणाची रुंदी कडीच्या व्यासाएवढीच भरत होती. आणि प्रत्येकाच्या बरोबर मधून एक काळी रेघ आडवी गेली होती. तुटलेल्या वस्तू इतक्या सारख्या नसतात.

सगळे येऊन बसले. पोस्टडॉकांनी नवा शर्ट घातला होता. माझ्या बॅगेत वहिनींचा धुतलेला डबा होता, परत द्यायचा. ते नीट, सावकाश बोलले. प्रोफेसर खूश होते.

"कुणाला काही विचारायचंय?"

पोस्टडॉक माझ्याकडे पाहून किंचित हसले, घरचं माणूस असल्यासारखे, आणि फोटो गोळा करू लागले. मी सगळ्यात वरच्या फोटोवर हात ठेवला.

"फुली मारलेले कण तुटलेले नाहीत," मी म्हणाले. "ते आडवे पडलेत, आपण त्यांना बाजूने बघतोय. कडी एक नाही. एकावर एक दोन आहेत, म्हणूनच वजन दुप्पट येतं."