मेल्या, घराक चल

करी रोडच्या आमच्या चाळीत ‘मेल्या’ ही शिवी नव्हती. मालवणी माणसाने ‘मेल्या’ म्हटलं की समजायचं, हा आपल्याला घरचा मानतो. आमच्या घरात मात्र हा शब्द बंद होता. बाबा मालवणी बोलतच नसत. शेजारी चिडवायचे, “पुण्याक जावन इलंस काय रे?” ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आल्यापासून हे असं, एवढंच आई सांगायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत नाक्यावर बंदूकवाले पोलीस उभे राहिले. त्यांत कोकणातले पुष्कळ. एका संध्याकाळी माझा थोरला भाऊ दोन कार्यकर्त्यांना घेऊन घरी आला. त्यांतला एक म्हणाला, “काका, उद्या मोर्चापुढे उभं राहून भोंग्यावरून पोलिसांशी मालवणीत बोला. आपलीच पोरं आहेत, बंदुका खाली करतील.”

बाबा नाही म्हणाले. भाऊ त्यांना भित्रा म्हणाला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

लढाईत जपानी विमानं आपल्या जवानांवर पत्रकं टाकत. गोऱ्यांसाठी मरू नका, हा कागद दाखवत या, कोणी मारणार नाही. जवान त्यात तंबाखू गुंडाळून ओढत. बाबा जपान्यांच्या कैदेत सापडल्यावर तोच मजकूर त्यांना भोंग्यावरून वाचायला लावला. समोरून कोणी हललं नाही, म्हणून बाबांना मार पडला. मग त्यांनी कागद बाजूला ठेवून, आईची आठवण देत मालवणीत हाक घातली, “ये मेल्या, घराक चल. आवस पेज घेवन वाट बघता.” पलीकडून एक जण “इलंय रे, इलंय!” म्हणत हात वर करून उठला आणि गोळी लागून तिथेच पडला. गोळी कुठल्या बाजूची, ते कळलं नाही.

“कागदावर कोणी विश्वास ठेवला नाही,” बाबा म्हणाले. “माझ्यावर ठेवला.”

“ते शत्रूचं काम होतं, बाबा. हे आपलं आहे.” भाऊ बोलण्यात वस्ताद. मला त्याचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी भोंगा त्यानेच घेतला. मी गॅलरीतून बघत होते. त्याने बाबांचीच हाक घातली, शब्दाला शब्द. मिसरूड फुटलेला एक पोलीस हसला, बंदूक शेजारच्याकडे देऊन रांगेतून पुढे आला. त्याच्या मागे घोषणा देणाऱ्या गर्दीला हाक ऐकूच गेली नव्हती. तिला दिसला अंगावर येणारा पोलीस. दगड सुटले. भाऊ भोंग्यावरून “थांबा, थांबा” ओरडत राहिला. पोलीस पडला तो उठला नाही. संध्याकाळी तो गेल्याची बातमी आली.

भाऊ मोरीपाशी भिंतीला टेकून बसला होता. आईने पेज पुढे केली, ती त्याने सरकवली. बाबा उठले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“रड, मेल्या,” ते म्हणाले. “माका रडाक जमला नाय, म्हणान मी असो झालंय.”