गंगाक्कांचा पत्ता

चार माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसली की किस्से साठतच जातात. आमच्याकडं आता पत्त्यांपेक्षा किस्से जास्त झालेत.

आमच्या मुरुम गावात हा खेळ आणला सुनंदा मॅडमनी. हायस्कूलला गणित शिकवतात. ड्रॅगन, राक्षस, जादूगारांचे पत्ते. पाकीट फोडेपर्यंत आत काय निघेल ते कळत नाही. जमवायचे, त्यातले निवडून आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. पहिल्या रविवारी दोघंच आलो. मी, पोस्टातला क्लार्क, आणि आडतवाले बसप्पा अण्णा. अण्णांना वाटलं होतं, रमी आहे!

*

पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजी, अण्णांना इंग्रजी येत नाही. मॅडम प्रत्येक पत्ता एकदाच वाचून दाखवायच्या.

एकदा मी ड्रॅगन टाकला आणि अण्णांचे दोन राक्षस उचलायला हात पुढं केला. अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन न्हाय, एकच मरतंय. वाचा बरं पुन्हा."

वाचलं. एकच मरत होतं.

*

पुढं गावात बोभाटा झाला की आडतीच्या माडीवर जुगार चालतो. अण्णांच्या बायको, गंगाक्का, तरातरा जिना चढून आल्या. मॅडमनी त्यांना काही समजावलं नाही, खुर्ची दिली आणि हातात पत्ते दिले.

तासाभरात अण्णा त्यांच्याकडून हरले. पडेल आवाजात म्हणाले, घरी जाऊ.

"तुमी व्हा पुढं," गंगाक्का म्हणाल्या.

*

तेव्हापासून गंगाक्का तूर निवडत बसायच्या आणि अण्णा त्यांना एकेक पत्ता कन्नडमधून सांगायचे. इंग्रजी पत्ते, कन्नड पाठांतर, मराठीत खेळ. वर्षभरात आम्ही तिघंही त्यांच्याकडून हरायला लागलो. मॅडमनी न विचारताच सोलापूरच्या स्पर्धेत त्यांचं नाव घातलं.

*

सोलापुरात हॉलभर कॉलेजची पोरं, आणि त्यात इरकल नेसलेल्या गंगाक्का. एकेक डाव जिंकत फायनलला पोचल्या. समोर मागच्या वर्षीचा विजेता. पोरगा सज्जन. आपला सगळ्यात भारी पत्ता टाकून अदबीनं म्हणाला, "आजी, हा काय करतो ते समजावून सांगू का?"

"सांग की, बाळा."

त्यानं सावकाश सगळं सांगितलं. गंगाक्कांनी पुरतं ऐकून घेतलं आणि हातातला एक पत्ता टेबलावर ठेवला.

पोरानं तो वाचला. परत वाचला. पंचांना बोलावलं. पंचांनी वाचला आणि मान डोलावली. अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

पोरगा पत्त्याकडं बघतच राहिला. गंगाक्का पुढं वाकून मायेनं म्हणाल्या, "समजावून सांगू का?"