ताळा जुळला होता

तीन हजार पाचशे शेहेचाळीस. ही संख्या आता माझ्या डोक्यातून जात नाही. दोनने भागा, नऊने भागा, उरतात एकशे सत्त्याण्णव, आणि तिथे गाडं अडतं. ती मूळ संख्या, तिला कुणीच भागत नाही. मेली हटवादी!

आंधळगावला बाबांचा हातमाग होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक आकडे दिसेनात, म्हणून ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांचा, हिशोब मी लिहून द्यायची. मी तुमसरला शाळेत गणित शिकवते. मग काय, घरात माझाच शब्द शेवटचा!

गेल्या दिवाळीआधी एका लुगड्याचा ताणा लावायचा होता. अठरा तारांची एक पट्टी, एक लाल, एक हिरवी, अशी ओळीने. बाबांनी एकूण तारा तोंडानेच सांगितल्या, तीन हजार पाचशे शेहेचाळीस, आणि म्हणाले, "ताळा नऊ येते, पाहून घे." मी लिहिलं ३४५६. तीन, चार, पाच, सहा, हात आपला सवयीने चालत गेला. अंकांची बेरीज अठरा, अठराचे नऊ. ताळा जुळला. अठराने भागलं, पट्ट्या आल्या एकशे ब्याण्णव.

"सम कशा आल्या वं? दोन्ही कडेले लाल पाह्यजे, मंग पट्ट्या विषमच येतीन ना."

"बाबा, ताळा जुळला ना! कायले डोकं खाता?"

 ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस. बरोबरच असन."

लुगडं विणून झालं. एक कड लाल, दुसरी हिरवी. व्यापाऱ्याने परत पाठवलं. आकडा बाबांनीच चुकीचा सांगितला, असं सगळ्यांनी धरलं. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबाचं डोकं आता काम करून नाही राहिलं. माग काढून टाकू." बाबा दारातच बसले होते.

त्या संध्याकाळी मी वही उघडली, बाबांनी सांगितलेला आकडा आठवून शेजारी लिहिला आणि चूक दिसली. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नऊच्या पाढ्यातलाच येतो, म्हणून ताळ्याला ती चूक कधी दिसतच नाही. हे मी पोरांना फळ्यावर शिकवते!  तरी मी तोंड उघडलं नाही. दादासमोर, वहिनीसमोर माझी अक्कल निघाली असती, एवढ्यासाठी.

चार दिवसांत माग मोडून लाकडं माळ्यावर गेली. तेव्हापासून बाबा प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. कुलूप लावलं का, मी जेवलो का, आज कोणता वार. आधी कधी विचारत नव्हते.

परवा राहवलं नाही. त्यांच्याजवळ बसून वही पुढे केली, बोट ठेवून दोन्ही आकडे वाचून दाखवले. "बाबा, चूक माझी होती. तुमचा आकडा बरोबर होता."

त्यांनी वही न बघताच मिटली आणि माझ्या हातात दिली.

"नाही वं माय. ताळा जुळला होता. माह्याच ध्यानात राहिलं नसन."