खुर्चीचा विमा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मालकांना नाही, लेकीला नाही, माहेरी मानवतला जाऊन आईजवळ बसले तेव्हाही नाही. आता तुम्हाला सांगते, पण आधीच बजावते — कीव करत ऐकणार असाल तर ऐकू नका. कीव मला चालत नाही. का, ते पुढे कळेल.

बोरीजवळच्या आमच्या गावात शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. बोर्डावर एक तरी बाई हवी असं ठरलं, तेव्हा चेअरमननी माझं नाव घातलं. चेअरमन म्हणजे आमच्या मालकांचे चुलतभाऊ, माझे भावजी. दहावी शिकलेली, सही करणारी, घरातलीच — एवढ्यावर मी डायरेक्टर झाले. पुरुष खुर्च्यांवर बसायचे, मी दाराजवळ सतरंजीवर. बाहेरचं कुणी आलं की भावजी हसत ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या वहिनी. नावाला हायेत."

नावाला! त्या एका शब्दाशी मी किती भांडले म्हणून सांगू? सभेत मध्येच तोंड घालायला लागले, भाव विचारायला लागले, नको तिथे "का?" म्हणायला लागले. गाव मला डायरेक्टरीणबाई म्हणून चिडवायचं. चिडवू द्या! एक दिवस मी घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन भर पेठेतून गेले आणि सगळ्यांच्या पुढे टाकून बसले. ती खुर्ची मी परत आणली नाही.

मग तो विमा आला. आमचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने अट घातली होती — डायरेक्टरांचा विमा काढा. विमा म्हटलं की आम्हाला पिकाचा माहीत, नाहीतर माणूस गेल्यावर मिळणारा. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर डायरेक्टरांनी एजंटला पहिलाच प्रश्न टाकला, "वारस कुणाला लावायचं?" एजंट परभणीचा, हजरजबाबी. म्हणाला, "काका, हा माणसाचा विमा न्हाई, खुर्चीचा हाय. खुर्चीत बसून तुमी काही ठरवलं, ते चुकलं अन् कुनी कोर्टात खेचलं, तर वकील बी विम्याचा अन् भरपाई बी विम्याची." सगळे हसले. मी नाही हसले. मला ते मनापासून आवडलं — माझीसुद्धा खुर्ची धरली होती त्यात!

त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं निवडायचं काम मी मागून घेतलं. हट्टानेच. सभासदांकडचा माल मीच पाहिला, मीच पसंत केला, आणि गोदामात पोती लागली. पेरणीच्या तोंडावर उगवण बघायला घरी गोणपाट ओलं केलं, त्यात मूठभर दाणे मांडले, गुंडाळून सावलीत ठेवलं. हे काम आमच्याकडे बायकाच करतात, सासूबाईंपासून चालत आलेलं. उलगडून पाहिलं तर — कसं सांगू — निम्म्या दाण्यांनाही मोड नव्हते. बाकीचे चिकट झाले होते, वास मारत होते.

मी काय केलं? ते गोणपाट धुऊन वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सभेत भावजींनी विचारलं, बियाणं वाटायचं ना? सगळे म्हणाले, मंजूर. मीही म्हणाले, मंजूर. एवढी भांडून घेतलेली पहिली जबाबदारी, आणि माझ्याच तोंडाने सांगायचं की फसली? बाईच्या हाती दिलं की असंच होतं, हे ऐकायचं? नाही जमलं. शेजारची रुक्मिण, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, कुंपणापाशी येऊन विचारून गेली, "अक्का, तुमी म्हनलात तर घेते बियानं." मी म्हणाले, "घे."

पाऊस चांगला झाला, पेरण्या झाल्या, आणि वावरं काळीच्या काळी राहिली. लोकांना दुबार पेरावं लागलं. मग तक्रार झाली, ग्राहक न्यायालयात, आम्हा सगळ्या डायरेक्टरांच्या नावाने. विमा कंपनीने वकील धाडला.

तो सज्जन माणूस होता. त्याने आधीच नीट समजावलं — बियाणं खराब आहे हे कुणाला माहीत असून त्याने लपवलं असेल, तर विमा त्याच्यामागे उभा राहणार नाही. भरपाई त्याने आपल्या पदरची भरायची. पण एकाने लपवलं म्हणून बाकीच्यांचं संरक्षण जात नाही. हे नीट लक्षात घ्या. कारण मी सगळ्यांना वाचवायला खोटं बोलले, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही. बाकीचे वाचणारच होते. प्रश्न फक्त माझ्या नावावरच्या तीन एकरांचा होता.

त्याने एकेकाला विचारलं, उगवण तपासली होती का? माझी पाळी आली. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला — एरवी मी तो कधी सावरतही नाही — आणि म्हणाले, "मला काय कळतंय साहेब? मी नावालाच हाय."

भावजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मी काम मागून घेतलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकानेही तोंड उघडलं नाही. वकिलाने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं, आणि किती सहज पटलं याचाच मला राग आला. राग यायचा मला काय हक्क होता? तरी आला.

शेतकऱ्यांना विम्यातून भरपाई मिळाली. माझे तीन एकर राहिले. पण त्याच वर्षी बोर्डावर दुसरी बाई घ्यायची होती, आणि नाव निघालं होतं रुक्मिणीचं. पोरगी माझ्याहून हुशार, धीट. भावजी सभेत म्हणाले, "बायका नावालाच राहनार असतील तर एक पुरे की. वहिनीच म्हनल्या ना वकिलापुढं?" तिची जागा तिच्या नवऱ्याला गेली. पुढची खुर्ची ओढून मी तिथेच बसले होते. बोलले नाही.

रुक्मिण संध्याकाळी कुंपणापाशी आली. "अक्का, तुमी खरंच असं म्हनलात?"

मी म्हणाले, वकिलानेच तसं मांडलं असेल. ती वळून आपल्या घरात गेली. त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही.

मी अजून डायरेक्टर आहे. खुर्ची तीच आहे. आता तुम्ही म्हणाल — बिचारी, खेड्यातली बाई, घाबरली असेल, तिला तरी काय कळणार. खबरदार! ते वाक्य मी एकदा वापरलं, माझ्या जमिनीसाठी, आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईने मोजली. माझ्या बाजूने ते आता कुणीही म्हणायचं नाही.

मला कळत होतं. गोणपाट उलगडलं तेव्हापासून मला सगळं कळत होतं.